बाई रोज माझी तक्रार लिहून घ्यायच्या

तसं आमचं मूळ राजापूरकडचं, पण मी जन्मले वाढले ती चिंचपोकळीच्या चाळीत, गाव म्हंजे मे महिन्यात जायचं आणि येताना फणस आणायचा एवढंच. वडील मिलमध्ये मागावर, साचेखात्यात होते, आई वाइंडिंगला, म्हंजे सूत गुंडाळायचं काम, दिवसभर उभ्याने. मी पोटात असताना सातव्या महिन्यापर्यंत ती तशीच उभी राहायची, कारण बसायला स्टूल मागितलं तर जॉबर, म्हंजे मुकादम, बोलायचा की मग घरीच बस. बाळंतपणाची रजा कायद्यात होती म्हणे तेव्हापण, पण कायदा काय गेटच्या आत येतो होय. पोट दिसायला लागलं की काहीतरी खोट काढून बाईला कमी करायचे आणि बाळंत होऊन आली की नवीन म्हणून भरती, म्हंजे मागची सगळी वर्षं पाण्यात. आईच्या खात्यातल्या चारपाच जणी अशा गेल्या होत्या.

तेव्हा बाई आल्या. बाई म्हंजे बाईच, अख्खं गिरणगाव त्यांना तेवढंच बोलायचं, नाव कुणी घ्यायचं नाय. गिरगावात फणसवाडीतल्या, शिकलेल्या घरच्या, वकीलीण, लग्न केलं नाय, पांढरी सुती साडी आणि खांद्याला पिशवी. कामगार कोर्टात बायकांच्या केसी त्या लढवायच्या. गेटवर यायच्या आणि सुटी झाली की एकेकीला बाजूला घेऊन विचारायच्या, नाव काय, खातं कुठलं, कोण काय बोललं, तोंडी बोलला का लिहून दिलं. सगळं वहीत उतरवायच्या. आईला रजा मिळाली ती त्यांच्यामुळे, आणि पुढे मिलमध्ये पाळणाघर झालं तेही त्यांच्यामुळे, मी त्या पाळणाघरात वाढले आहे. त्यांचा एक फोटो होता, पेपरात, मासिकात, नंतर पोस्टरवर, कुठे कुठे छापून आलेला, की गेटवर उभ्या राहून भाषण करतायत आणि कडेवर कुणाचंतरी तान्हं पोर. ते पोर म्हंजे मी, असं आई छातीवर हात ठेवून सांगायची. पण काय सांगू तुम्हाला, आमच्या चाळीतल्या आणखी तिघीजणी तेच सांगायच्या, आपापल्या पोरांबद्दल. कुणी भांडलं नाय त्यावरून. प्रत्येकीचं होतं ते पोर.

पुढे मिल बंद झाली ते सगळ्यांना माहीत आहे, ते काय परत सांगायचं. माझं लग्न नायगावला झालं, बीडीडी चाळीत, मिस्टर एका ऑफिसात शिपाई होते. माणूस चांगला, पण छातीच्या दुखण्याने गेले, आमची स्वाती तेव्हा दहावीत. सासूबाई आधी चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, त्यांचं सगळं मीच केलं होतं, कूस बदलणं, पाठीला जखमा होऊ न देणं, तर शेजारच्या एक सिस्टर बोलल्या की शालिनी, तुझ्या हाताला हे काम येतं, तू पेशंट बघायची कामं घे. तेव्हापासून मी हेच करते. परळ, लालबाग, गिरगाव, किती म्हातारी माणसं या हाताखालून गेली, मोजली नाय कधी.

मग एक दिवस पेशंटकडे बायका पाठवणाऱ्या केंद्रातून निरोप आला की दादरला एक आजी आहेत, नव्वदीच्या घरातल्या, स्मरण गेलंय, दिवसपाळी आहे. मी गेले. अनघाताईंनी दार उघडलं, त्या आजींची भाची, कॉलेजात शिकवायच्या, रिटायर झालेल्या. आत हॉलमध्ये भिंतीवर तो फोटो. मी चप्पल काढता काढता तशीच थांबले. ताई बोलल्या, ओळखता का तुम्ही आत्याला? मी नुसती मान हलवली.

बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. इवल्याशा झालेल्या, केस बारीक कापलेले, गाऊन घातलेला. मी आयुष्यभर त्यांना फोटोत नायतर लांबून स्टेजवर पाहिलेलं, त्यांना गाऊनमध्ये बघून मलाच लाज वाटली, कुणाला उघडं बघितल्यासारखी. मी पाया पडले. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, तू कुठल्या खात्यातली?

अनघाताई सांगायला लागल्या की अगं आत्या, या शालिनीताई, तुझ्यासाठी आल्यात, पण बाईंचं लक्षच नव्हतं तिकडे, त्या माझ्याकडेच बघत होत्या आणि हात चाळवत होते, काहीतरी शोधल्यासारखे. मी बोलून गेले, वाइंडिंग, बाई. त्यांनी विचारलं, कितवा महिना? मी बोलले, सातवा. काय म्हणतात ते? मी बोलले, रजा देत नाय, कमी करतो बोलतात. तोंडी म्हणाले की लिहून दिलं? तोंडी, बाई. मग त्यांनी वही मागितली. घरात वही कुठली, ताईंनी एक जुनी डायरी आणून दिली, पेन दिलं. बाई लिहायला लागल्या. अक्षरं नव्हती ती, नुसत्या रेघा, पण ओळीत, सरळ, समास सोडून. लिहून झाल्यावर माझ्या हातावर थोपटून बोलल्या, घाबरू नकोस, कामावर जात राहा, गैरहजर राहू नकोस, तेच त्यांना हवं असतं.

मी मोरीत जाऊन रडले. आईला हेच सांगितलं असणार त्यांनी, याच शब्दांत.

त्यानंतर रोज. मी गेले की त्यांना मी नवीन. रोज नाव, खातं, महिना, आणि रोज त्या माझी तक्रार लिहून घ्यायच्या. तेवढं झालं की मग दिवस शांत जायचा, आंघोळ करून घ्यायच्या, पेज खायच्या. एखाद दिवशी मी विसरले की दुपारपर्यंत बेचैन, खोलीभर फिरायच्या, कोण आलंय, बाहेर कोण थांबलंय असं विचारत. त्या फोटोचा मात्र त्यांना त्रास व्हायचा. ही बाई सारखी का ओरडतेय, म्हणायच्या, तिला सांगा, पोर रडतंय, आधी त्याला पाजायला न्या. शेवटी अनघाताईंनी फोटो उतरवला, आणि भिंतीवर पांढरा चौकोन राहिला. मला एकदा विचारलं त्यांनी, शालिनीताई, आपण हिला खोटं सांगून खेळवतोय का हो? आयुष्यात हिने कुणाचं खोटं खपवून घेतलं नाही. मी डायरी उचलून बाईंच्या खुर्चीपाशी ठेवली.

दोन वर्षं अशी गेली. मग ते सत्काराचं निघालं. कुठल्या संस्थेचा मोठा पुरस्कार, परळला हॉलमध्ये कार्यक्रम, मंत्री येणार, टीव्हीवाले येणार. ताईंनी सांगितलं की आत्या येऊ शकणार नाही, मी घेते तिच्या वतीने. तर ते लोक घरी आले, हात जोडून, पाच मिनिटं फक्त बसवा, लोकांना दर्शन होईल. मी कोण बोलणारी, पण राहवलं नाय. ते गेल्यावर मी बोलले, ताई, नेऊ नका. ज्या बाई कुणासमोर गप्प बसल्या नाय त्यांना गप्प बसवून दाखवायला कशाला न्यायचं. ताई बोलल्या, मलाही तेच वाटतं, पण लालबागहून, करी रोडहून त्या जुन्या बायकांचे फोन येतायत, कुणाला काठी लागते, कुणाला दिसत नाही, म्हणतात एकदा बघू द्या. त्यांना मी कोण नाही म्हणणारी? हे ऐकल्यावर मला माझी आई आठवली. ती असती तर पायऱ्या चढता येत नसतानाही गेली असती. मग ठरलं, न्यायचं.

मी त्यांना पांढरी सुती साडी नेसवली, किती दिवसांनी. आतून डायपर वगैरे सगळी काळजी घेतली होती, ते माझं कामच. पण स्टेजवर लाइट किती, आणि वाजवायला तुतारी ठेवलेली. तुतारी वाजली आणि बाई दचकल्या. शाल घातली ती अंगावरून ओढून काढायला लागल्या, नारळ मांडीवरून घरंगळला, मंत्री हसल्यासारखं करत होते, आणि बाई एकदम लहान पोरीसारख्या रडायला लागल्या, आई आई करून. टीव्हीवाले पुढे सरसावले. अनघाताई शेजारीच बसल्या होत्या, त्यांचा हात बाई झिडकारत होत्या.

मी कोपऱ्यात पायरीशी उभी होते. कुणी बोलावलं नव्हतं मला. पण मी गेले, सरळ त्यांच्या पायाशी जाऊन बसले आणि हात धरून बोलले, बाई, माझी रजा देत नाय हो. त्या रडत होत्या, ऐकेनात. मी परत बोलले, बाई, सातवा महिना आहे, कमी करतो बोलतात. तेव्हा माझ्याकडे बघितलं. डोळे पुसले पदराने. आणि विचारलं, नाव काय? तिथे माइक होता समोर, त्यामुळे ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं. शालिनी. खातं? वाइंडिंग. तोंडी म्हणाले की लिहून दिलं?

आणि मग पहिल्या रांगेतली एक म्हातारी उभी राहिली, काठी टेकत. ती बोलली, बाई, मी अनुसया, मीपण वाइंडिंगला. तिच्या शेजारची उठली, मी पार्वती, रीलिंगला. मग मागून एक, मग आणखी एक, काही उठू शकत नव्हत्या त्या बसल्या जागेवरून, नाव आणि खातं, नाव आणि खातं. मिली जाऊन तिथे टॉवर उभे राहिले तरी या बायका आपलं खातं सांगत होत्या. बाई ताठ बसल्या होत्या, एकेकीकडे बघून मान हलवत होत्या, आणि माझ्या तळहातावर त्यांचं बोट चालू होतं, लिहीत होत्या. मध्येच बोलल्या, रांगेत या, सगळ्यांचं घेते. अनघाताई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. मंत्रीपण मान खाली घालून उभे होते, ते मी बघितलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की नव्वदीतही बाईंची स्मृती तल्लख, जुन्या सहकाऱ्यांना एकेक करून ओळखलं. मला वाईट वाटलं वाचून. ओळखलं नव्हतं त्यांनी कुणालाच. ताई बोलल्या, लिहू देत, आपल्याला माहीत आहे ना काय झालं ते.

पुढे चार महिन्यांनी त्यांनी विचारणं बंद केलं. मी जायची, सांगायची, मी शालिनी, वाइंडिंगला. त्या नुसत्या बघायच्या, डायरीला हात लावायच्या नाय. डॉक्टर बोलले, आता असंच. एका सकाळी पेज भरवताना घोट खाली उतरला नाय, मी त्यांची मान हातावर घेतली, आणि गेल्या. काही त्रास नाय, काही बोलणं नाय. नंतर गर्दी झाली, फुलं, घोषणा. शेवटची आंघोळ घालायची वेळ आली तेव्हा नातेवाईक बायका पुढे झाल्या, तर अनघाताई बोलल्या, नको, शालिनीताई घालतील, आत्याला त्यांच्या हाताची सवय आहे. खाली एका पोलीसबाईने मला विचारलं, तुम्ही कोण त्यांच्या? मी बोलले, मी त्यांच्याकडे तक्रार घेऊन यायचे. तिला काय कळलं कोण जाणे, पण तिने मला अंत्ययात्रेच्या गाडीत पुढे बसू दिलं.

आता आमची चाळ पाडली, टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर घर मिळालं, वारा भरपूर आहे पण दाराबाहेर कुणी नसतं. स्वाती बोलते, आई, बस कर आता, गुडघे गेले तुझे. पण पाय चालतायत तोवर मी जाणार. सध्या गिरगावात एक मास्तर आहेत, ते मला त्यांची बहीण समजतात, मग मी बहीण. हे बरोबर की चूक ते वरचा बघून घेईल, मला त्याने विचारलं तर मी सांगेन काय ते.

तुम्ही एवढं लिहून घेतलंत तर एक आणखी लिहा. घरात असं माणूस असेल तर त्याला सारखं विचारू नका, ओळखलंस का, सांग बघू मी कोण. ते बिचारं परीक्षेला बसल्यासारखं घाबरतं. आपणच आपलं नाव सांगावं आणि शेजारी बसावं. ओळख कुणाची किती दिवस टिकते. देव तुमच्या म्हाताऱ्यांना सुखाने नेवो, आणि त्या वेळी कुणीतरी हात धरायला असो.