परसातलं वेगळं छप्पर

मी मूळची देवगडाकडची. लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हा घरामागे नुसती भातखाचरं होती आणि अंधार पडला की कोल्हे ओरडायचे, काय सांगू तुम्हाला, मी दाराला कडी घालून बसायची. मला भाऊ नाही. वडील गेले आणि गावच्या घरात आई एकटी राहिली. आमचे हे कल्याणला कारखान्यात, स्वभावाने भोळे, म्हणाले अगं आईंना इथेच घेऊन ये. पण आईचं एकच, चार दिवस पाहुणी म्हणून येते, कायमचं माका जावयाच्या छपराखाली ऱ्हवाचा नाय. तेव्हा रीतच तशी होती हो, आई लेकीच्या संसारात जाऊन राहिली की गाव नावं ठेवायचं, आणि आमची आई मानाला फार जपणारी.

मग ह्यांनीच तोड काढली. पावसाळ्याआधी सरपण, गोवऱ्या ठेवायला परसात खोप बांधायचीच होती. म्हणाले ती जरा मोठी बांधू, अर्ध्यात सरपण, अर्ध्यात आई, चूल तिची, दार तिचं, मग जावयाचं छप्पर आलं कुठे? मी रडलेच बघा. गावी जाणाऱ्या एका माणसाकडे निरोप धाडला, आणि आईचा उलट निरोप आला, येते, पावसाने आगबोटी बंद व्हायच्या आधी येते.

मग मला दुसरं काही सुचेना. आम्ही दोघांनी दगड वेचले, मुरूम टाकला, पाणी मारून मारून मी जमीन चोपली, हात सोलून निघाले. इथे आईची चूल, इथे तिची वळकटी, इथे खिडकी कारण तिला सकाळचा उजेड लागतो, असं मी रोज उभी राहून ठरवायची आणि रोज बदलायची. हे हसायचे, म्हणायचे अगं खोप बांधतोय की देऊळ. कल्याणच्या वखारीतून वासे आणले, मंगळुरी कौलं आणली. सुतार म्हणाला वहिनी, चौथी भिंत कशाला, घराच्या मागच्या भिंतीतच वासे घेतो, पडवीसारखं, सगळे तसंच करतात. आम्हालाही बरं वाटलं, तेवढंच काम लवकर होईल. दोघांपैकी एकाच्याही डोक्यात कसं आलं नाही, मला अजून कळत नाही.

आई आली. काखेतलं बोचकं खाली ठेवलं नाही, तशीच खोपीत शिरली, वाकून सारवलेल्या जमिनीवरून हात फिरवला, बरी केलंस गो म्हणाली. मग वर बघितलं. वासे आमच्या भिंतीत गेलेले. ह्या छप्पर तर जावयाचाच गो, म्हणाली, रागाने नाही, अगदी हळू. हे पुढे झाले, म्हणाले आई, लगेच सोडवून घेतो, चार खांबांवर वेगळं उभं करतो. ती म्हणाली करा, मग येते. चार दिवस पाहुणी म्हणून राहिली, माझ्या हातचं जेवली, आणि शेवटच्या बोटीने परत गेली. मी थांब थांब म्हणत होते हो.

ह्यांनी भर पावसात खोप वेगळी करून दिली, घर आणि खोप ह्यांच्यामधून माणूस आरामात चालत जाईल एवढी. गणपतीच्या सुमारास बोटी सुरू झाल्या, तर त्या बोटीने आई नाही, गावचा माणूस आला, आई गेल्याचं सांगायला.

आता खोपीत सरपण असतं. पण आईच्या बाजूला लाकूड रचायला माझा हात होत नाही, आणि हेही दुसऱ्या अर्ध्यातच रचतात. कधी कधी मी तिथे नुसती जाऊन बसते, खूप आठवण येते.

माझी लेक आता परकर नेसायला लागली. तिची वेणी घालताना मी तिला सांगून ठेवलंय, बाये, मोठी झालीस की कुठेही जा, सुखाने नांद, आणि मी म्हातारी झाले की मला बोलाव. मी येईन. वर बघायची नाही.