सर्वानुमते, चहासकट

तुम्ही कधी चहा गाळता गाळता ठराव मंजूर केलाय का? मी केलाय, आणि एकदा नाही, गेली कित्येक वर्षं करतेय... मला पत्ताच नव्हता, एवढंच.

म्हणजे बघा, आमची शिड्यांची कंपनी. घरात वापरायच्या, घडीच्या. धाकटे भाऊजी चेअरमन, आमचे हे संचालक, आणि तिसरी संचालक मी. मला कशाला घेतलं? तर घरचंच कुणीतरी हवं म्हणून. मीटिंग आमच्या जेवणाच्या टेबलावर, आणि ती सुरू झाली रे झाली की भाऊजी म्हणणार, "वहिनी, चहा टाका ना." मी आधण ठेवून, कप भरून बाहेर येते तोवर सगळं आटोपलेलं. काय ठरलं? सर्वानुमते मंजूर. अहो, पण मी तर आत होते ना? "तुम्ही काय नाही म्हणणार होता, वहिनी?" मी स्वयंपाकघरात, आणि ठराव सर्वानुमते.

तर त्या दिवशी नेमकं दूध नासलं. चहा नाही, म्हणून मी बसले. तुम्हाला सांगते, त्या खुर्चीत मीटिंगला पहिल्यांदाच टेकले... विषय काय, तर शिडीचा पाइप पातळ करायचा. भाऊजी खास मीटिंगच्या आवाजात, "दिसायला तीच शिडी, वहिनी, पण नफा वाढेल. शेवटी कंपनी असते कशासाठी?" आमचे हे छताकडे बघत, "तसं बघितलं तर..." यांचं हे वाक्य लग्नापासून पुरं झालेलं नाही. मी म्हटलं, आपली कंपनी शिड्यांची ना? मग वर चढलेला माणूस नीट खाली उतरायला नको? भाऊजी हसले, भिंतीला टेकवलेल्या पातळ पाइपच्या नमुन्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही बघा, पक्की आहे. कुणीही चढा."

कुणीही? मी यांच्याकडे बघितलं, तर यांचा गुडघा दुखायला लागला. भाऊजींना एकाएकी कुणाला तरी फोन करायचा आठवला.

एवढ्यात आतून सासूबाई काठी टेकत आल्या. "नवी शिडी आली का रे? थांबा, माळ्यावरचं मोठं पातेलं मीच काढते." शिडी उघडली, काठी माझ्या हातात दिली आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलंसुद्धा. भाऊजी असे उठले की खुर्ची मागे कोसळली. "आई, नको, त्या शिडीवर नको!"

मी काठी हातात धरून हळूच विचारलं, "मग कुणाच्या आईनं चढायचं, भाऊजी?"

भाऊजींनी आईला धरून खाली घेतलं, शिडीची घडी घातली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. "पाइप जाडच राहू दे," म्हणाले. यांनी हात वर केला, मी केला, आणि का कोण जाणे, सासूबाईंनीही केला. सर्वानुमते, आणि चक्क मी खोलीत.

जिंकले म्हणायचं का? दुसऱ्या दिवशी सकाळी, आधीच देऊन ठेवलेली पातळ पाइपची ऑर्डर रद्द झाली, आणि यापुढे मीटिंग कारखान्याच्या ऑफिसात घ्यायची असंही ठरलं, सर्वानुमते. मला ते कळलं, भाऊजींचा ड्रायव्हर चहासाठी रिकामा थर्मास घेऊन दारात उभा राहिला तेव्हा.