दोन ठोके

(ड्रमच्या क्लासची खोली. सकाळची बॅच नुकतीच सुटली आहे. टीव्हीवर पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका गाण्याचा व्हिडिओ. समोर त्या बँडमधली गायिका आणि तिचा ड्रम वाजवणारा धाकटा भाऊ.)

धाकटा : थांब थांब, आता बघ! कॅमेरा तिरका होतो, कीबोर्डवाला टेबलावर उडी मारतो, तू पिवळा रेनकोट भिरकावतेस आणि मग माझे दोन ठोके. टक-टक! की लगेच ध्रुवपद. काटा आला बघ अंगावर.

ताई : मला घाम आठवतो. शिजून निघाले होते त्या रेनकोटात.

धाकटा : अगं, पण धावतंय कसं गाणं! लिफ्ट बंद म्हणून कुणी सात मजले पळत चढावेत आणि दम लागू नये, तसं.

ताई : परवा पेपरातल्या मुलाखतीतही हेच म्हणालास. "गाणं माझ्या ड्रमवर उभं आहे. ताईचा सूर घसरतो, पण मी सांभाळून घेतलं."

धाकटा : चेष्टेने म्हणालो गं.

ताई : छापून आलं. सुनेने वाचून दाखवलं मला, चहा ओतता ओतता.

धाकटा : बरं, चुकलं माझं.

ताई : त्या जागी तू तीन ठोके वाजवायचास.

धाकटा : दोन.

ताई : तीन. दर वेळी. आणि वर घाई. जेवायला बसलास तरी तुझी घाईच. रेकॉर्डिंग करून तू घरी गेलास आणि तुझं सगळं पुसून स्टुडिओवाल्यांनी ड्रमचं मशीन लावलं.

धाकटा : काहीतरीच! मी दिसतोय की वाजवताना.

ताई : आवाज होऊ नये म्हणून ड्रमवर चादरी टाकल्यात, नीट बघ.

धाकटा : शूटिंगला सगळेच खोटं खोटं वाजवतात.

ताई : हो. बाकीच्यांचं खरं रेकॉर्डमध्ये होतं.

धाकटा : आईने तर शेजारपाजारच्यांना बोलावून ऐकवलं होतं...

ताई : आईनेच शपथ घातली मला. त्याला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील, म्हणाली. ते गेल्या महिन्यात बघितलं. आता मी मोकळी.

धाकटा : प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी मी हेच दोन ठोके शिकवतो, ताई.

ताई : माहीत आहे. बाहेरच्या पाटीवरही लिहिलंयस.

धाकटा : ...मागे घे जरा. त्या जागेवर.

ताई : घेतलं.

धाकटा : मशीन असं श्वास घेऊन थांबत नाही गं. हा कुणाचा तरी हात आहे.

ताई : हो. तेवढे दोन ठोके मशीनचं बटण दाबून हाताने टाकलेत.

धाकटा : कुणी?

ताई : जिचा सूर घसरतो, तिने.