दुसऱ्या नावाची शोधाशोध

नाही, मला सांगा, देशाच्या उपराष्ट्रपतिपदासाठी माणूस मिळत नाही म्हणजे काय! आमच्या ओमाहात कुत्रं फिरवायला माणूस मिळतो, आणि इथे... बरं, पक्षाच्या अधिवेशनात मिळाला होता की! गव्हर्नर ल्यूथर पॅडॉक. राष्ट्रपतिपदाला उभ्या राहिलेल्या आमच्या सेनेटर ओडेगार्डसाहेबांच्या जोडीला. बँड वाजला, फुगे सोडले, बिल्ल्यांवर दोघांची तोंडं शेजारी शेजारी... आणि तेराव्या दिवशी, तेराव्याच बरं का, पेपरात आलं की ल्यूथर युद्धातलं जे शौर्यपदक सांगतो, ते त्याला मिळालेलंच नाही!

आता ल्यूथर माझा कॉलेजपासूनचा दोस्त. आणि 'तू बाजूला हो' हे सांगायला पाठवलं कुणाला? मला! व्हर्लिन हॅगस्ट्रॉमला! ल्यूथर म्हणाला, "एकदाच बोललो होतो रे, एका भाषणात. टाळ्या पडल्या... मग मागे घेता येईना." त्याच्या पायरीवर बसूनच मी माघारीचं पत्र पुढे केलं. त्याने सही केली आणि निघताना माझ्या गाडीत शेतातली कणसं ठेवली. कणसं हो! घशाखाली उतरली नाहीत.

तर हातात उरले नऊ दिवस. दहाव्या दिवशी मतपत्रिका छापायला जाणार. साहेब म्हणाले, "व्हर्लिन, फोन लाव." लावला. बोहारणीसारखा देशभर ओरडत सुटलो... उपराष्ट्रपती होता का, उपराष्ट्रपती!

पहिला ओहायोचा सेनेटर. "व्हर्लिन, केवढा बहुमान! डोळे भरून आले रे... पण माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे." म्हटलं, कधी? "ठरवतो की आता!" दुसऱ्या ओरेगनच्या खासदारबाई. "माझ्याआधी किती पुरुषांना विचारलंत?" मी आपला प्रामाणिक, म्हटलं, एकालाच. फोन आपटला! तिसऱ्याची बायको म्हणते, "हे मासे पकडायला गेलेत," आणि मागून हेच ओरडतायत, "महिनाभर येणार नाही म्हणावं!" चौथ्याने तर कमालच केली... आम्ही विचारायच्या आधीच पत्रकार बोलावून नकार दिला! अहो, उपराष्ट्रपती होता का म्हणतोय मी, 'तुरुंगात जाता का' असं नाही!

सातव्या दिवशी साहेब माझ्या टेबलाशी आले. सहा फुटांचा माणूस, कोमेजलेला. "व्हर्लिन, खरं सांग. मी एवढा वाईट आहे का रे?"

"छे हो, साहेब! आपण वीस टक्क्यांनी मागे आहोत, एवढंच."

असं सांत्वन करतात का कुणी? मी केलं.

आठव्या दिवशी यादीच्या तळाशी एकच नाव उरलं. डुलुथचे निवृत्त न्यायमूर्ती ऑरिन टॅन्क्विस्ट, वय एकाहत्तर. आवाज उरला नव्हता हो माझा. कसंबसं म्हटलं, "न्यायमूर्ती... उपराष्ट्रपती होता का?"

"काम काय असतं?"

"फारसं काही नसतं."

"हरणार ना आपण?"

आता खोटं बोलायचं त्राण तरी कुठे होतं? "हो."

"मग ओडेगार्डला एकट्याला कसं हरू द्यायचं? येतो मी. पण भाषणं छोटी हं."

तुम्हाला सांगतो, मी रडलो. टंकलेखन करणाऱ्या बाईंनी रुमाल दिला, मग त्याही रडल्या. आणि म्हातारा फिरला की! एकतीस राज्यं, बसने, गावोगाव सूप पीत, पोरांशी बोलत. नोव्हेंबरात पडलो आम्ही, सडकून पडलो, ते सोडा...

मतदानाच्या दिवशी मी आईला केंद्रावर घेऊन गेलो. एक्क्याऐंशी वर्षांची. मत देऊन बाहेर आली. म्हटलं, "आई, न्यायमूर्तींचं नाव दिसलं ना नीट?"

"कोण न्यायमूर्ती?"

"अगं, उपराष्ट्रपतिपदाचे! त्या नावासाठी आठ दिवस अन्न गोड लागलं नाही मला!"

"असेल बाबा," आई म्हणाली, "मी वरचं नाव बघून खूण करते. खालचं वाचायला चष्मा लागतो."

म्हटलं, बरोबर आहे, आई... चल, गाडीत बस.