हलका कानोबा

हासा, हासून घ्या… गावच्या तळ्यात, बोडीत, गळ्यापावतर उभा आहो, पोटात कालपासून दाणा नाई, अन् दोन्ही हातानं देवाले पाण्याखाली दाबून धरलं आहे. तुमीच सांगा, माह्यं का चुकलं?

तुमाले सांगतो, आमचा कानोबा दरसाल मातीचा. जन्माष्टमीले बसवाचा, रातभर भजनं, दुसऱ्या दिवशी बोडीत डुबवाचा, अन् देव डुबल्याबिगर कोणाच्या तोंडात काला नाई. डोक्शावर नेते कोण? मी, घरजवाई. मांगच्या साली मान अशी धरली का पोळ्यापावतर साऱ्या गावाले तिरपाच पाहो. मंग उपाय कराले नोको?

माहा साळा विक्की, चंद्रपूरले वीजघराच्या राखेच्या तलावावर कामाले. तो म्हणते, "भाऊजी, राखेतले हे दाणे पाहा. खसखशीवून बारीक, अन् आतून पोकळ. पाण्यावर सायीसारखे येते. कंपनीवाले रंगात टाकते, प्लास्टिकात टाकते, वजन कमी कराले." म्या म्हटलं, कंपनीले चालते त देवाले काऊन नाई? बोरीभर आणले. माती नावापुरती, बाकी सारे दाणे… कानोबा असा झाला का सासूबाईनं एका हातानं उचलला. गुणाबाईनं! लग्न झाल्यापासून जिनं मले कधी बरं म्हटलं नाई, ते म्हणते, "जवाईबापू, डोकं आहे तुमाले." खरं सांगतो, ऊर भरून आला माहा.

वाजतगाजत आलो, सोडला देव, त वर. दाबला, त वर. सारं गाव काठावर उपाशी, अन् देव आपला मजेनं तरंगून राह्यला. विक्की म्हणते, "भाऊजी, गोटा बांधा." सासूबाई कडाडली, "देवाच्या गळ्यात गोटा? ज्यानं हलका केला, त्यानंच दाबून धरावं. माती गळेपावतर हात काढू नोका, जवाईबापू. देव पाण्याखाली गेला, बाकीचे चला रे, काला खा." गेले ना सारे! माह्यं पोट का गावाच्या बाहेरचं आहे? तुमीच सांगा, माह्यं का चुकलं?

थांबा… थांबा जरासे… गळली वाटते. गळली ना माती! हात रिकामे! सासूबाई, ओ सासूबाई, डुबला देव, वाढा पान…

आली. काठावर उभी झाली. पाण्याकडे पाहून राह्यली… अरे देवा, हे पांढरं का पसरलं बोडीभर? सारे दाणे वर आले, या काठापासून त्या काठापावतर… अन् तिनं पदर घेतला, हात जोडले. म्हणते, "जवाईबापू, देव त अजून वरच आहे. डुबवा."

जा भाऊ तुमी, जेवून घ्या. मी दाबतो एकेक.