मागच्या खोलीतली रेंज
इंटरनेटवाल्याच्या दुकानात रांगेत पुढे बापलेक वायफायचा डबा घेऊन उभे होते. त्यांच्या मागे उभ्या न्हाव्याने सवयीने कान टवकारले.

“बाबा, दोन सिग्नलांतलं फाइव्ह गिगाहर्ट्झच ठेवू. सुसाट चालतं.”

“माझ्या मागच्या खोलीत पोचतं?”

“नाही, भिंती आड येतात. तिथवर दुसरं, टू पॉइंट फोर पोचतं, पण रडतखडत. एकच निवडावं लागतं.”

“मग लेकीशी बोलू कुठून?”

“बाहेर बसून बोला की, आमच्यासमोर. लपवण्यासारखं काय आहे?”

“आणि तुला ऐकण्यासारखं काय आहे?”

काउंटरवरच्या बाईने डबा तपासला. “काका, दोन्ही एकदम चालतात. यातलं टू पॉइंट फोर कुणीतरी बंद केलंय.”

मुलगा भिंतीवरचं दरपत्रक वाचू लागला.

“कधी केलंय ते नका बघू, बाई,” म्हातारा म्हणाला. “घर कुणाच्या नावावर करू, असं मी लेकीला विचारलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी.”