बेस्तरवारपर्यंत थांबले असते तर

आमचं मूळ मेंढरामागं हिंडणाऱ्यांचं, आज या रानात तर उद्या त्या, त्यामुळं शाळा मी बाहेरनंच बघितली, आन् तेराव्या वर्षी बापानं मला उजवून न्हावऱ्यात दिली. मालक गेले, मग कुणीतरी शब्द टाकला म्हणून इथल्या हायस्कुलात शिपाई लागले. काय सांगू तुम्हाला, घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, संडास धुवायचे, पण पोरी मला मावशी म्हणत्यात, आन् जे बाईंना सांगत न्हाईत ते मला सांगत्यात.

पोरींशी बोलायला समुपदेशक मॅडम येत्यात, दर बेस्तरवारी. मधी काय अडलं तर फोन करा म्हणून त्यांचा नंबर पाण्याच्या टाकीवर रंगवलाय. ती टाकी रोज मीच पुसते, आकडे तेवढे मला येत्यात.

नववीत सोनाली हुती, गणितात तिचा हात धरणारं कुणी न्हवतं. एका सोमवारी मागच्या व्हरांड्यात रडत बसलेली. मावशी, माझं लगीन ठरवलंय, बेस्तरवारी मॅडमना सांगणार हाय, तवर कुणाला बोलू नका, तुम्हाला आन् पूजालाच म्हाईत हाय. पूजा म्हंजी तिची बाकावरची मैत्रीण. मी म्हणलं, न्हाई बोलत.

आन् मी बोलले. तिची आई माझ्या माहेरची, मला ताई म्हणती, वाटलं आपलंच माणूस, चार शब्द सांगितले तर ऐकंल, घरातलं घरात मिटंल. त्याच सांजेला गेले. तिनं चहा केला, व्हय ताई, शिकवूच की, म्हणाली, आन् मी येडी खुशीत घरी आले. दुसऱ्या दिवशी सोनालीची जागा मोकळी, तिला भांडगावला नातेवाइकांकडं धाडलेली. तवा तरी मॅडमना फोन करायचा, तर आपलंच बिंग फुटंल म्हणून गप बसले. बुधवारी लगीन लावून मोकळे झाले लोक. मॅडम आल्या, तवा त्यांना सगळं सांगितलं. म्हणाल्या, मावशी, एक फोन करायचा हुता. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा शिरूरच्या स्टँडवर सोनाली भेटली, कडंवर लेकरू. मावशी म्हणून गळ्यात पडली. म्हणाली, त्या पूजानंच आईला सांगितलं, मी तिच्याशी बोलणंच टाकलंय, तुम्ही मात्र शब्द पाळला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, सुखी राहा म्हणलं, आन् गाडीत चढले.

म्हणून तुम्हाला सांगितलं. मला लिहाय येत न्हाई, तुम्ही लिहा, तिला वाचाय येतंय. सोनाली, बाई माझे, पूजाशी बोल. पूजानं न्हाई सांगितलं.